बाहत्तर चादरींची मोहीम आणि गवताचा इन्साफ

श्रीमंत वाचकमहाराजांचे सेवेसी, नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात तीन पायांच्या खुर्चीवर तोल सांभाळोन बसणारा सेवक लिहितो ऐसाजे. हुजुरांनी पुसिले की, नगरात पाऊसपाण्याचा आकार बसला तेसमयी खालच्या गल्लीत, लॉन्ड्रीकाकूंचे गवताचे मैदानावर जे मोठे युद्ध जाहले, त्याची साद्यंत हकीकत कैसी? हुजुरांनी पुसिलेच नाही ऐसे कोणी म्हणेल, तर तेही खरे. परंतु कोणी न पुसता सांगत सुटणे हा बखरकाराचा पिढीजाद हक्क असे, आणि तो नगरपालिकेने अद्याप खालसा केलेला नाही. सबब जे डोळ्यांनी देखिले, जे दारामागून ऐकिले, आणि जे दोन्ही पक्षांचा चहा पिऊन समजोन घेतले, ते लिहितो. काकूंकडील पक्षपात ठायी ठायी दिसेल. तो चुकून जाहलेला नाही.

पूर्वीची वहिवाट ऐसी होती की, पाऊस आभाळातून पडे आणि त्याचे पुढे काय होते याची वास्तपुस्त कोणी करीत नसे. नगर उतारावर वसलेले. उताराचे माथ्यावर मालगोदामवाले मातबर सरदार, त्यांचे आवार ऐसे की चार फौजा एकमेकींस न दिसता तळ देतील, आणि ते सारे काँक्रीटने मढविलेले, सबब एक थेंब जमिनीत मुरावयास वाट नाही. मग ते पाणी गोळा होऊन, दंगा करीत, उतार धरोन खाली येई, आणि खालचे लोकांचे उंबरे चढोन आत शिरे, आणि त्यांच्या चपला घेऊन बाहेर पडे. नाले पणजोबांचे वेळचे, त्यांत गाळ, पिशव्या आणि एके ठायी एक सबंध सायकल. त्यांचे दुरुस्तीचा खर्च घरपट्टीतून निघे, आणि घरपट्टी घराचे किमतीवर. म्हणजे ज्याचे घर देखणे तो भरी, आणि ज्याचे आवारातून नदी निघे तो मिशीस पीळ देत बसे.

मग नगरपालिकेने सभागृहाची दारे लावोन तीन दिवस खलबत केले, आणि चौथे दिवशी फर्मान सुटले ते ऐसे: जे छप्पर, जी फरशी, जे काँक्रीट, जे डांबर पाणी पीत नाही, त्याचे मालकाने त्या मानाने नाल्यांचा खर्च द्यावा. साधारण घराची ऐसी पक्की जागा जेवढी भरते, तेवढीस एक आकार म्हणावे. दुप्पट असेल त्याचे दोन, दसपट असेल त्याचे दहा. माती, गवत, झाड ही पाणी पितात, त्यांस माफी. शाळा, दवाखाना, गोदाम, कोणीही सुटणार नाही, खुद्द नगरपालिकाही नाही. याप्रमाणे नगरपालिकेने आपले गच्चीचे सतरा आकार आपणांस लाविले, आपणांस बिल धाडिले, ते आपणच घेऊन सही दिली, आणि आठ दिवसांनी आकार फार जाहला म्हणोन आपणांकडेच हरकत घेतली. त्या हरकतीचा निकाल पलीकडचे टेबलावर अद्याप लागावयाचा आहे.

रयतेत एकच कल्लोळ उडाला. लोक त्यास पाऊसपट्टी म्हणो लागले. गोदामवाले सरदारांस एकशे चाळीस आकार लागले, तेव्हा त्यांणी छातीस हात लाविला आणि वकील बोलाविला. परंतु सर्वांत मोठा आवाज उठला तो शिंपीमास्तरांचा. हे खालचे गल्लीचे टोकास, तळघरात तीन यंत्रे आणि एक पुतळा मांडोन राज्य करीत. अंगकाठी बारीक, आवाज मात्र दोन अंगकाठ्यांचा. त्यांस अवघा एक आकार लागला होता, तरी ते सभेत टेबलावर चढोन बोलले:

"आभाळ काय नगरपालिकेच्या मालकीचं आहे? माझं तळघर पंचवीस वर्षं कोरडं ठणठणीत आहे. नाल्याशी माझा संबंध काय? मी एक छदाम देणार नाही!"

मग टाळ्या जाहल्या, आणि मास्तर टेबलावरून उतरताना पडले, परंतु त्याची नोंद त्यांचे विनंतीवरून येथे केलेली नाही.

आता मुख्य नायिकेचे वर्णन. शिंपीमास्तरांचे भिंतीस लागोन, उताराचे वरचे अंगास, लॉन्ड्रीकाकूंचे घर, आणि घरामागे गवताचे प्रशस्त मैदान. काकू सव्वीस वर्षे एका दवाखान्याच्या आणि दोन खाणावळींच्या चादरी धूत असत. त्यांची रीत ऐसी की, पांढरी चादर दोरीवर टांगावयाची नाही, हिरव्या ओल्या गवतावर सपाट पसरावयाची, आणि उन्हाने व गवताने मिळोन जे पांढरेपण येते ते कोणत्याही पावडरीने येत नाही. हा त्यांचे सासूचा गुण, सासूस कोठून आला ते ठाऊक नाही. चादर ऐसी निघे की दवाखान्यातील रोगी तीवर निजावयास संकोच करीत. मैदान मात्र सामाईक, अर्धे काकूंचे यजमानांचे आणि अर्धे धाकटे दिरांचे. यजमान कपडे पोचविण्याची गाडी घेऊन सदैव स्वारीवर असत, सबब या युद्धात ते दिसणार नाहीत. दीर मात्र घरीच असत, आणि तेच पुढे भारी पडले.

तेव्हा कर्म ऐसे ओढवले की, नगरपालिकेने पक्क्या जागा मोजावयासाठी आकाशात उडते यंत्र सोडिले. ते यंत्र पावसात भिजते, ढगात भांबावते, सबब लख्ख ऊन पडेल त्याच दिवशी उडावयाचे. आणि लख्ख ऊन पडेल त्याच दिवशी काकू चादरी पसरावयाच्या. मग दोहोंची गाठ न पडेल तर काय होईल? यंत्र वरून गेले, काकूंनी मान वर करोन पाहिले, आणि पक्षी असेल तर चादरींवर घाण करील म्हणोन हाकलावयास झाडू उगारिला. तो झाडूही चित्रात आला आहे. खाली बाहत्तर चादरी कडेस कड लावोन ऐशा बसल्या होत्या की मध्ये गवताची पाती दिसेना. यंत्राने ते पाहिले, कचेरीतील संगणकाने ते यंत्राकडून घेतले, आणि निवाडा केला की एवढे पांढरे, एवढे सपाट, एवढे नीट म्हणजे काँक्रीटच. काकूंस नऊ आकाराचे बिल आले.

बिल वाचोन काकू खाली बसल्या. मग उठोन, हात पुसोन, थेट कचेरीत चाल करोन गेल्या. तेथे मोजणीसाहेब म्हणोन अंमलदार, वय पन्नाशीचे आत, चष्मा नाकाचे शेंड्यावर, नोकरीची सारी वर्षे पडद्यासमोर काढिलेली. नगरातील प्रत्येक छप्पर त्यांस वरून ठाऊक, खालून एकही नाही. त्यांणी चित्र काढोन दाखविले. काकूंनी पदर खोचोन पडद्यास नाक लाविले.

"साहेब, हे काँक्रीट कुठलं? ही दवाखान्याची चादर आहे. ही इथे कोपऱ्यात दुमडलीय ना, ती एकोणचाळीस नंबरची. तिची शिवण तिरकी आहे, ती कधी सरळ पडतच नाही."

"चित्रात पांढरं दिसतंय बाई. पांढरं म्हणजे पक्कं."

"मग तुमचा शर्टही पक्का धरा. किती आकार होतात बघा."

साहेबांनी शर्टाकडे पाहिले, आणि क्षणभर खरेच हिशेब केला ऐसे वाटले. मग नियमाचे पुस्तक उघडोन हुकूम ऐकविला की, चित्र खोटे ठरवावयाचे तर दोन मार्ग. एक, पुढील वर्षी यंत्र पुनश्च उडेल तोवर थांबावे. ते कोणत्या दिवशी उडेल हे गुप्त असते, नाहीतर लोक काँक्रीटवर हिरव्या चटया टाकितात. दुसरा, जमिनीची परीक्षा द्यावी. लोखंडी कडे तीन ठिकाणी जमिनीत ठोकावयाचे, त्यांत चार बोटे पाणी ओतावयाचे, आणि ते वीस मिनिटांत मुरले तर ती जमीन पिणारी, न मुरले तर पक्की. तिहींपैकी दोन ठिकाणी उतरली तर गवताची फत्ते. परीक्षा शनिवारी सकाळी. काकूंनी दुसरा मार्ग पत्करिला.

घरी येतात तो दीर आरामखुर्चीत मसलत तयार करोन बसलेले. हे भाऊजी म्हणजे व्यवहारचतुर, आजवर सात धंदे काढोन साडेसात बुडविलेले. त्यांणी कागदावर आकृती काढिली होती, आणि बोलले:

"वहिनी, सरळ विचार करा. नऊ घरांची पट्टी भरायचीच असेल, तर नऊ घरांचं काँक्रीट तरी पदरात पडू दे. मैदान पक्कं करू, चाळीस गाड्या उभ्या राहतील. आणि चादरींना वाळवायचं मशीन घेऊ. सोमवारी मिक्सरवाला येतोय, मी सांगून ठेवलंय."

"माझं गवत?"

"कुंडीत लावा ना थोडं."

 काकू आत जाऊन इस्त्री तापवीत उभ्या राहिल्या, आणि इस्त्री तापोन लाल जाहली तरी त्यांणी कापड हाती घेतले नाही. दिरांचे म्हणण्यात खोट काढावयास जागा नव्हती. नऊ आकार दरसाल भरावयाचे तर लॉन्ड्री बसत होती, आणि मैदानाचा अर्धा मालक ठाम होता. शेवटी करार ठरला तो ऐसा: शनिवारी गवत परीक्षेस उतरले तर मैदान जैसे आहे तैसे राहील आणि भाऊजी पुनश्च नाव काढणार नाहीत. न उतरले तर सोमवारी मिक्सर येईल, आणि काकू आडव्या येणार नाहीत. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. हे सर्व बिल नऊ आकाराचे होते म्हणोन नव्हे, गवत जाणार म्हणोन. बखरकारास ते समजावयास वेळ लागला.

ही वार्ता गल्लीतून शिंपीमास्तरांस कळली. मास्तर प्रथम खुशीत येऊन बोलले की परीक्षाच देऊ नये, बिल फाडोन टाकावे, आपण मोर्चा काढू. मग त्यांची पत्नी, जी गुंड्या लाविते आणि कमी बोलते, तिने दोऱ्याचे टोक दातांनी तोडोन एवढेच पुसिले:

"अहो, पण वरचं सगळं पाणी त्यांच्या गवतात जातं म्हणून आपलं तळघर कोरडं राहतं ना? मग काँक्रीट झाल्यावर ते कुठे जाणार?"

मास्तरांचे हातची कात्री थांबली. त्यांणी तीन यंत्रांकडे पाहिले, पुतळ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले, आणि पंचवीस वर्षांत प्रथमच त्यांस भिंतीपलीकडे काही आहे हे ध्यानी आले.  त्याच पावली ते जिना चढोन काकूंचे दारी हजर जाहले, आणि गवताचे पक्षाचे सेनापतिपद आपणांकडे घेतले. ते त्यांस कोणी दिले नव्हते.

शनिवार उजाडला. आभाळ स्वच्छ. मोजणीसाहेब स्वारीसह दाखल जाहले, बरोबर लोखंडी कडे, हातोडा, घड्याळ आणि कागद. मैदानाचे तोंडाशीच काकूंनी हुकूम सोडिला की, येथे चादरी पसरितात, सबब बूट घालोन कोणी पाऊल ठेवावयाचे नाही. साहेबांनी नियमाचे पुस्तक चाळिले, त्यात बुटांविषयी काही नव्हते, लाचार होऊन त्यांणी बूट काढिले, तो उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावला. मास्तरांची नजर तेथे गेली आणि तेथेच राहिली. त्यांस रफू करावयाची ऐसी ऊर्मी आली की बोलता सोय नाही, तरी प्रसंग जाणोन त्यांणी आवरिले.

पहिले ठिकाण साहेबांनी नळापासून थोडे पुढे धरिले. हातोडा पडला, कडे ठोकू लागले तो टणटण आवाज येऊ लागला, जैसा दगडावर. तरी पाणी ओतिले, घड्याळ लाविले. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पंधरा मिनिटे जाहली, पाणी जागचे हलेना. आभाळ त्यात स्वच्छ दिसत होते. वीस मिनिटे भरली, साहेबांनी कागदावर फुली मारिली, आणि भाऊजींनी खिशातून मिक्सरवाल्याचा नंबर काढोन पाहिला. मग काकूंचे ध्यानी आले की ही त्यांची वाट. नळापासून मैदानाचे मध्यापर्यंत, ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन, दिवसाकाठी चाळीस खेपा, सव्वीस वर्षे. तेथे गवत केव्हाच उरले नव्हते, आणि त्यांणी खाली पाहून कधी चालिलेच नव्हते.

दुसरे ठिकाण मैदानाचे मध्यावर. कडे लोण्यात शिरावे तैसे शिरले. पाणी ओतिले, ते घुटक्या घुटक्याने खाली जाऊ लागले, आणि अकरावे मिनिटाला तळची माती दिसली. मास्तरांनी आरोळी ठोकिली. साहेबांनी बरोबरची खूण केली. आता एक एक बरोबरी, आणि सारा फैसला तिसऱ्यावर.

तिसरे ठिकाण साहेबांनी बुद्ध्याच खालचे अंगास, मास्तरांचे भिंतीपासून चार हातांवर धरिले, कारण पाणी वाहोन येते ते तेथे. कडे ठोकिले, पाणी ओतिले, आणि एक चमत्कार वर्तला: गुडगुड ऐसा आवाज जाहला आणि चार बोटे पाणी एका मिनिटाचे आत नाहीसे. साहेब वाकोन पाहो लागले. भाऊजींचे तोंड पडले. मास्तर दोन्ही हात उंचावोन नाचणार, तोच त्यांचे तळघरातून पत्नीचा आवाज आला:

"अहो! भिंतीतून पाणी येतंय! कोटाच्या कापडावर आलं!"

येथे मास्तरांचे शौर्याची खरी कसोटी लागली. जो पुरुष पावसाचे एका थेंबाकरिता टेबलावर चढला, त्याने आपले तळघरात पाणी शिरलेले ऐकोन ओठ घट्ट मिटिले. डोळ्यांत पाणी आले, मान ताठ राहिली, आणि ते साहेबांस बोलले, "काही नाही साहेब, ती अशीच ओरडते. लिहा तुम्ही, एक मिनिट." खाली त्यांचे गिऱ्हाइकाचा लोकरी कोट भिजत होता. ऐसा त्याग या नगराचे इतिहासात दुसरा नाही.

साहेबांची लेखणी कागदास टेकली होती. तेव्हा काकू पुढे जाहल्या.

"साहेब, हे धरू नका. हे पाणी जमिनीत नाही मुरलं, मास्तरांच्या तळघरात गेलंय. मागच्या महिन्यात घुशीनं बीळ केलंय तिथे, मी बुजवायचं म्हणत होते, राहून गेलं."

"काकू!" मास्तर कळवळले.

"असू दे मास्तर. गवतानं प्यायलं तर गवताचं. नाहीतर नाही."

भाऊजींनी वहिनींकडे पाहिले. सात धंद्यांत त्यांणी पुष्कळ भागीदार पाहिले होते, ऐसा एक नव्हता. साहेबांनी कडे उपटिले, सहा पावले सरकोन पुनश्च ठोकिले, आणि पुनश्च पाणी ओतिले. मास्तर खाली धावत जाऊन कोट उचलोन, बिळात चिंध्यांचा बोळा कोंबोन वर आले, तोवर नऊ मिनिटे जाहली होती आणि पाणी अर्धे उरले होते. मग चौदा. मग सतरा. गवताची पाती पाण्याबाहेर डोके काढू लागली.  एकोणिसावे मिनिटाला तळाशी केवळ चकाकी उरली, आणि विसावे भरले तरी ती चकाकी गेली नाही.

साहेब बोलले, "पाणी दिसतंय."

मास्तर बोलले, "ते ऊन आहे!"

साहेबांनी पुस्तक उघडिले. पाणी किती ओतावे, कडे किती रुंद असावे, घड्याळ कोणत्या बनावटीचे असावे, सारे लिहिले होते. परंतु पाणी केव्हा पाणी राहत नाही हे कोठेच लिहिले नव्हते. पुस्तकाची पाने संपली, मागील पानावर छापखान्याचे नाव आले, तेही त्यांणी वाचिले. तेव्हा काकू गुडघ्यांवर बसल्या. त्यांणी खांद्यावरचा खाणावळीचा पांढरा कोरडा रुमाल काढिला, कड्यात घालोन तळव्याने दाबिला, दहा अंक मोजले, आणि उचलोन दोन्ही हातांनी पिळला. ज्या हातांनी सव्वीस वर्षे चादरी पिळल्या, त्यांत किती जोर असेल याचा विचार वाचकांनी करावा. मनगटावरच्या शिरा उभ्या राहिल्या. रुमालातून थेंब पडला नाही.

"थेंब पडला असता तर पाणी. नाही पडला, म्हणजे ओल. ओल्या गवतावरच मी चादरी टाकते, साहेब. एवढं तर मला कळतं."

साहेबांनी तो रुमाल मागोन घेतला आणि आपण पिळून पाहिला. पुनश्च पिळला. मग चष्मा वर सारिला, आणि कागदावर बरोबरची खूण केली.

मास्तर ओरडले ते वरच्या गोदामापर्यंत ऐकू गेले. भाऊजी बाजूस जाऊन मिक्सरवाल्यास फोन लावोन बोलले की जागेत अडचण निघाली, नका येऊ. फोन ठेवोन त्यांणी वहिनींकडे न पाहता नळाजवळची टोपली उचलिली आणि कोठे ठेवू ऐसे पुसिले. काकूंनी जागा दाखविली. 

मग तेथेच टोपलीवर कागद ठेवोन तहनामा लिहिला गेला, तो ऐसा: गवताचे मैदान पाणी पिते हे सिद्ध जाहले, सबब त्याचे आकार रद्द. घराचे छप्पर आणि धुण्याची फरशी मिळोन एक आकार कायम. नळापासून मध्यापर्यंतची वाट परीक्षेत न उतरल्याने पक्की धरावी आणि तिचा पाव आकार लावावा. हे ऐकताच सेनापती पुनश्च खवळले की, ती मातीच आहे, हरकत घ्या, पाव सुद्धा देऊ नका.

"राहू दे मास्तर," काकू बोलल्या. "ती वाट मीच तुडवलीय. तेवढं भरते मी."

 मास्तरांनी खिशात हात घातला, आपले न भरलेले, चार घड्या घातलेले बिल बाहेर काढिले, नीट सपाट केले, आणि साहेबांस पुसिले की हे कोठे भरावयाचे. साहेबांनी खिडकी सांगितली. मग मास्तरांनी, साहेबांचे मोज्यास रफू करोन देण्याचा विषय काढोन, त्याचा मोबदला म्हणोन काही सवलत मिळते काय ऐसेही पुसिले, ती मिळत नाही ऐसे कळले.

येणेप्रमाणे शनिवारी, दोन प्रहरांचे सुमारास, खालचे गल्लीत गवताची फत्ते जाहली. काकूंचे नवापैकी पावणेआठ आकार उतरले, मैदान राहिले, मास्तरांचे तळघर राहिले, लोकरी कोट मात्र आटला. सोमवारी मिक्सर आला नाही. त्या दिवशी ऊन लख्ख पडले आणि बाहत्तर चादरी बाहेर निघाल्या.

सदर निकालाची नोंद दफ्तरी जाहली, ती या सेवकाचे हातून गेली, सबब शेवटचे एवढे खात्रीने लिहितो. नोंदवहीत एक रकाना असे, 'पक्केपणा कशाचा', आणि त्यांत नगरातील साऱ्या मिळकतींपुढे छप्पर, फरशी, डांबर, काँक्रीट यांवाचून दुसरा शब्द नाही. काकूंचे पाव आकारापुढे मोजणीसाहेबांनी लेखणी उचलिली, बराच वेळ धरोन ठेविली, मग स्वच्छ अक्षरात लिहिले, 'चालण्याचा', आणि त्यावर नगरपालिकेचा शिक्का मारिला.